केएसपी, रिअ‍ॅलिझम ओव्हरहॉल आणि माझं न उडणारं पीएसएलव्ही

कृष्णाकाठी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

कर्बल स्पेस प्रोग्रॅम म्हणजे केएसपी खेळणारे इथे चार-पाच जण तरी आहेत हे मागच्या एका धाग्यावरून कळलं, म्हणून ही धाग्याची जिलेबी पाडतोय. जे खेळत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात: रॉकेट जोडायचं, उडवायचं, फुटलं की हसायचं. मूळ खेळातला ग्रह फक्त ६०० किमी त्रिज्येचा आहे. ३४०० मी/से च्या आसपास वेग खर्चला की कक्षेत. पण 'रिअल सोलर सिस्टिम' आणि 'रिअ‍ॅलिझम ओव्हरहॉल' (यापुढे आरओ) हे मॉड (खेळात वरून टाकायचे बदल) टाकले की ग्रहाच्या जागी खरी ६३७१ किमी त्रिज्येची पृथ्वी येते, तेच काम ९२०० ते ९४०० मी/से वर जातं आणि हसू मावळतं.

तर, मला पीएसएलव्ही (इस्रोचं चार टप्प्यांचं रॉकेट) करायचं आहे. एक्सएल, म्हणजे सहा बूस्टरवालं, वर मंगळयान. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल स्वतः केलं, भागांच्या कॉन्फिग फायली स्वतः लिहिल्या. तीन आठवडे रात्री अकरा ते एक हाच उद्योग चालू आहे, घरचे बोलायचे बंद झालेत. अडचणी अशा:

एक, रॉकेट प्रमाणापेक्षा मोठं दिसत होतं. मोजलं तर व्यास २.८ मीटरऐवजी ३.५ मीटर. मग मॉडेलला ०.८ ने बारीक केलं. व्यास बरोबर आला, पण आता टप्प्यांमध्ये हवेत फट दिसते. पहिल्या टप्प्याच्या वर आणि खाली अडीच-अडीच मीटर नुसती हवा, आणि तरीही रॉकेट जोडलेलं!

दोन, पहिला टप्पा ११० सेकंद जळायला हवा. माझा ७५-७६ सेकंदांत संपतो. त्याआधीच साठाव्या सेकंदाला बूस्टर उपटून निघतात.

तीन, दुसऱ्या टप्प्याचं विकास इंजिन पेटतच नाही. एकदा चुकून पेटलं.

तात्पुरता उपाय म्हणून विकासचा जोर दीडपट केलाय आणि पेटवण्याची संख्या पाचावर नेलीय. पण ते मनाला लागतंय. कुणी मार्ग दाखवेल का?

टिल्लूची_आई

यातलं काही कळत नाही, पण आमचा टिल्लू हाच खेळ खेळतो आणि 'आई, अलेज!' असं ओरडतो. म्हणजे काय ते आज तरी कळेल म्हणून बसलेय.

गणितमास्तर

कृष्णाकाठी, आधी तो दीडपट जोर काढून टाका. ते पाच पण. गाडी चढ चढेना म्हणून मागून ढकलत राहिलात तर हँडब्रेक ओढलेला आहे हे कधी कळायचं?

पहिली अडचण. तुमच्या फायलीत 'रीस्केल फॅक्टर'ची ओळ आहे का बघा. पैज लावतो, नसेल. ती ओळ नसली की केएसपी आपल्या मनाने १.२५ धरतो. फार जुनी खोड आहे ही. २.८ गुणिले १.२५ किती? बरोबर ३.५. तुमचा आकडाच ओरडून सांगत होता.

मग तुम्ही काय केलंत, तर मॉडेलच्या खणात ०.८ टाकलंत. ०.८ आणि १.२५ चा गुणाकार एक, म्हणून व्यास जमला. पण मॉडेलच्या खणातला आकडा फक्त दिसणाऱ्या आकाराला लागतो, जोडबिंदूंना नाही. रीस्केल फॅक्टर मात्र दोघांनाही लागतो. तुमचा पहिला टप्पा २० मीटरचा, म्हणजे जोडबिंदू मधल्यापासून दहा मीटर वर आणि दहा मीटर खाली लिहिलेत. खेळाने त्यांचे साडेबारा केले. मॉडेल दहावरच थांबलं. ही तुमची अडीच मीटर हवा.

उपाय: मॉडेलचा ०.८ काढा, वर 'रीस्केल फॅक्टर = १' ही ओळ घाला. प्रत्येक भागाच्या फायलीत. वेगळ्या पॅचने (वरून लावायच्या दुरुस्तीच्या फायलीने) नको, मूळ फायलीतच.

वायफळ_वायुगतिकी

मास्तरांना +१. पॅचवरून आठवलं. आपण लिहिलं ते आणि खेळाला मिळालं ते यात फरक असतो. मॉड्यूल मॅनेजर सगळ्या मॉडचे पॅच ठरलेल्या क्रमाने चढवतो. तुमचा पॅच आरओच्या आधी लागला तर आरओ त्यावरून बोळा फिरवून मोकळा. सगळं लागून झाल्यावर प्रत्येक भागाचं अंतिम रूप मॉड्यूल मॅनेजरच्या कॅशे फाईलमध्ये उतरतं, गेमडेटा फोल्डरमध्येच असते ती. नोटपॅडमध्ये उघडा आणि आपल्या भागाचं नाव शोधा. मी वर्षभर स्वतःची फाईल वाचत बसलो होतो. कॅशे वाचायला लागल्यापासून केस गळायचे थांबले. (उरलेले.)

कृष्णाकाठी

मास्तर, दंडवत! ओळ नव्हतीच. घातली, फट गेली. रॉकेट ४४ मीटर उंच भरतंय. आता बाकीचं?

गणितमास्तर

बाकीचं जेवण करून.

हं. पहिला टप्पा, एस१३९. जोराचा आकडा किती टाकलात? ४८०० किलोन्यूटन असणार. तो कुठल्याही तक्त्यात सापडतो आणि त्याच्यापुढे बारीक अक्षरात 'कमाल' लिहिलेलं असतं, ते आपण वाचत नाही. घन इंधनाची मोटर एकसारखी जळत नाही. आतल्या पोकळीचा आकार जसा बदलत जातो तसा जळणारा पृष्ठभाग कमी-जास्त होतो आणि जोर त्यामागे जातो.

हिशेब मांडू. इंधन १३८ टन, निर्वात विशिष्ट आवेग (इंधनाची कार्यक्षमता सांगणारा आकडा) २६९ सेकंद. १,३८,००० गुणिले ९.८०६६५ गुणिले २६९, म्हणजे साधारण ३६.४ कोटी न्यूटन-सेकंद एवढी एकूण पुंजी. ती ४८ लाख न्यूटनच्या दराने सरळ उधळलीत तर ७५.८ सेकंद पुरते. तुमचा आकडा आला ना? तीच पुंजी ११० सेकंद पुरवायची तर सरासरी जोर ३३ लाख न्यूटन, कमालच्या सत्तर टक्क्यांच्या आतच.

म्हणजे कमाल ४८०० बरोबर आहे, विशिष्ट आवेग बरोबर आहे, इंधनही बरोबर आहे. जोराचा आलेख नाही, एवढंच. तो द्या.

वायफळ_वायुगतिकी

आणि बूस्टर उपटतात त्याचं कारणही हेच. पूर्ण जोराने रेटल्यामुळे दाट हवेतच वेग फार वाढतो, हवेचा दाब वेगाच्या वर्गाने चढतो, आणि हवेचा हिशेब करणारं 'फेरम' मॉड अशा वेळी दयामाया दाखवत नाही. खऱ्या मोटरमध्ये जोर मधेच उतरवतात त्यामागे हाही विचार असतो. बूस्टरच्या जोडांना हात लावू नका.

आलेख लिहिताना एक खड्डा आहे, मी त्यात दोनदा पडलोय. आडवा अक्ष म्हणजे गेलेला वेळ नव्हे, उरलेलं इंधन. सुरुवात १ वर, शेवट ० वर. आपण सवयीने उलटं लिहितो आणि मग रॉकेट उठायला कुरकुरतं, शेवटी मात्र पिसाळतं.

कृष्णाकाठी

तिसऱ्यांदा पडणारा मी. उलटंच लिहिलं होतं. :ड

सरळ केल्यावर १०९ सेकंद. बूस्टर शाबूत. फक्त नाक एका बाजूला कलत जातं आणि मेकजेबला (रॉकेट आपोआप उडवणाऱ्या मॉडला) ते सावरत नाही. पहिल्या टप्प्याचं नोझल हलतं का नाही, यावर मला नीट काही सापडलं नाही म्हणून स्थिर ठेवलंय.

इंदापूरकर

धागा वाचत होतो, राहवलं नाही. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याचं नोझल हलत नाहीच, तुम्ही बरोबर केलंत. तिथे वेगळीच युक्ती आहे. नोझलच्या भिंतीतून एका बाजूने स्ट्राँशियम पर्क्लोरेटचं द्रावण आत सोडतात. त्या बाजूला वायूच्या झोताला धक्का बसतो आणि झोत किंचित वळतो. फोटोत पहिल्या टप्प्याला चिकटून दोन बारीक उंच नळकांडी दिसतात ना, बूस्टरपेक्षा कितीतरी बारीक? त्या द्रावणाच्या टाक्या. बरेच मॉडेल करणारे त्यांना केबलची पन्हळ समजतात.

माझा यातला संबंध एवढाच की माझे थोरले काका वालचंदनगरला होते. पीएसएलव्हीच्या मोटरची आवरणं तिथल्या कारखान्यात होतात. पोलाद 'मॅरेजिंग' जातीचं, आणि पहिला टप्पा पाच तुकड्यांत. काका जोडकाम बघायचे. घरी कधी काही बोलायचे नाहीत, पण उड्डाण टीव्हीवर असलं की पहिला टप्पा सुटेपर्यंत उभे राहायचे. सुटला की बसायचे आणि चहा मागायचे. पुढच्याशी देणंघेणं नाही!

कृष्णाकाठी

वा! काकांना नमस्कार सांगा. ती दोन नळकांडी माझ्या मॉडेलमध्येही पन्हळच होती, आजच बदलतो.

म्युनिकवासी

खेळात द्रावण फवारण्याचं वेगळं मॉड्यूल नाही. मी अशा वेळी नोझलला दोन अंशांची मोकळीक देतो आणि मॉडेलमधला नोझलचा तुकडा मात्र हलू देत नाही. म्हणजे परिणाम मिळतो, दिसताना नोझल स्थिर. द्रावणाचं वजन टप्प्याच्या रिकाम्या वजनात धरायला विसरू नका. शुद्धतावादी नाक मुरडतील, मुरडू द्या.

आता तुमच्या तिसऱ्या दुखण्याकडे. विकास पेटत नाही, पण 'एकदा चुकून पेटलं' हे महत्त्वाचं. म्हणजे इंजिनात खोट नाही. इंधन नक्की कुठलं भरलंय? आणि पेटवण्याच्या क्षणी इंजिनच्या खिडकीत इंधनाची स्थिती काय दिसते?

कृष्णाकाठी

टाकीत यूडीएमएच (हे इंधन) आणि नायट्रोजन टेट्रॉक्साइड (त्याला जाळणारं). इंजिनच्या कॉन्फिगमध्ये यूएच२५ लिहिलं होतं, पण मला वाटलं तेच असेल, म्हणून बदलून यूडीएमएच केलं. प्रमाण टेट्रॉक्साइड १.७ ला इंधन १. स्थिती 'अनस्टेबल'.

अजून एक, मघाशी लिहायचं राहिलं: हा टप्पा ४२ टन इंधनाचा हवा, माझ्याकडे ४५ च्या वर जातोय. टाकीचा आकार तर बरोबर आहे.

म्युनिकवासी

एकाच प्रतिसादात तीन चुका, अभिनंदन. :)

यूएच२५ म्हणजे यूडीएमएच नव्हे. तीन भाग यूडीएमएच आणि एक भाग हायड्राझीन हायड्रेट. त्यामागे गोष्ट आहे. विकास हे फ्रेंच वायकिंग इंजिनचं भावंड. १९७४ च्या कराराने आपले अभियंते फ्रान्समध्ये व्हेर्नोनला जाऊन त्यावर काम करून आले. तेच वायकिंग एरियान रॉकेटच्या पहिल्या टप्प्यात चार-चार लावलेलं असायचं. २३ मे १९८० ला एरियानचं दुसरं उड्डाण फसलं, कारण एका वायकिंगमध्ये ज्वलन थरथरायला लागलं. त्यानंतर त्यांनी यूडीएमएच सोडून हे मिश्रण घेतलं. म्हणजे ते '२५' ही ठेच लागल्याची खूण आहे. खेळातही दोन्ही इंधनं वेगळी आहेत आणि घनताही वेगळी: यूडीएमएच ०.७९, यूएच२५ ०.८३ च्या आसपास. परत यूएच२५ करा, टाकीतही आणि इंजिनमध्येही.

दुसरी चूक प्रमाणाची. १.७ हे वजनाचं प्रमाण. रिअलफ्युएल्स या इंधनाच्या मॉडला हवं आकारमानाचं. टेट्रॉक्साइड १.४५ घनतेचं, म्हणून १.७ गुणिले ०.८२९ भागिले १.४५, साधारण ०.९७. म्हणजे दोन्ही द्रव जवळजवळ सारख्याच आकारमानाचे. तुम्ही १.७ थेट टाकल्यामुळे टाकीत जड द्रव जास्त गेला. यूएच२५ धरून हिशेब केला तर दर लिटरला १.१३५ किलोऐवजी १.२२ किलो. साडेसात टक्के जास्त. ४२ चे ४५.

गणितमास्तर

सुरेख. वजनावरून मिश्रणातली चूक पकडली. वाखूसा (वाचनखूण साठवली).

टिल्लूची_आई

आणि अलेज?

वायफळ_वायुगतिकी

ताई, सांगतो. पहिला टप्पा संपला की क्षणभर रॉकेटला कुणी ढकलत नसतं. त्या वेळी टाकीतलं इंधन तळाशी बसून राहत नाही, उतारावर एसटी सुटल्यावर पोटात जसं होतं तसं ते तरंगायला लागतं. तळाच्या नळीत द्रवाऐवजी वायू शिरतो आणि इंजिन खोकून बंद. यावर इलाज म्हणजे चार छोटी घन रॉकेटं लावून आधी हलकासा रेटा द्यायचा. इंधन तळाशी बसतं, मग मोठं इंजिन पेटवायचं. टिल्लू ओरडतो ते रेटा द्यायला विसरला म्हणून.

कृष्णाकाठी, तुमचं 'एकदा चुकून' हेच. त्या वेळी पहिला टप्पा पूर्ण विझायच्या आत पेटवलं असणार. छोटी मोटर लावा, स्थिती 'व्हेरी स्टेबल' झाली की मगच पेटवा. फसलेला प्रयत्नही पेटवण्याच्या संख्येतून वजा होतो, म्हणून तुम्हाला पाच लागले. विकासला इथे एकच पुरतो.

चौथ्या टप्प्याला मात्र जास्त द्या, तो खरंच पुन्हा पेटवता येतो. डिसेंबर २०१५ च्या सी२९ उड्डाणात ते करून दाखवलं. तिथे पंप नाही, टाकीतल्या दाबानेच इंधन ढकललं जातं, म्हणून टाकी उच्च दाबाची निवडा. साधी निवडलीत तर चकार शब्द न काढता पेटायचं नाकारेल.

टिल्लूची_आई

एसटीच्या उदाहरणाने कळलं. टिल्लूला सांगितलं तर म्हणाला, 'आई, तुला कसं माहीत?' आज घरात माझा भाव वधारलाय.

इंदापूरकर

विकास इंजिनं आपल्या विक्रोळीला गोदरेजमध्ये बनतात हेही जाता जाता. लोकलमधून रोज जाणाऱ्यांना पत्ता नसतो.

कृष्णाकाठी

मंडळी, चार दिवसांनी येतोय. सगळं केलं. नळकांडी बसवली, आलेख सरळ, यूएच२५, चार छोट्या मोटर. वालचंदनगरच्या काकांना स्मरून काल रात्री उड्डाण केलं. श्रीहरिकोटा, मंगळयान, पूर्वेकडे. (ध्रुवीय कक्षेसाठी श्रीलंका टाळून आधी आग्नेयेला आणि मग वळायचं असतं हे वाचलंय, ते पुढच्या वेळी.)

पहिला टप्पा फुलासारखा. विकास पहिल्या फटक्यात पेटलं, मी ओरडलो, बायको उठली. तिसरा टप्पा जळला. आणि चौथा सुटल्यावर मेकजेब सांगतो, उरलेला वेग (म्हणजे उरलेल्या इंधनात अजून मिळेल तेवढा) १६८९ मी/से. माझ्या वहीत २२६६ होता. इंधन २.५ टन, रिकामं वजन मी ०.९ टन धरलंय, मंगळयान १.३३७ टन, विशिष्ट आवेग ३०८. पावणेसहाशे मी/से कुठे गेले? पृथ्वीच्या कक्षेतही राहिलो नाही, परत पडलो.

टेस्टफ्लाइट मॉडने यादृच्छिक बिघाड दिला म्हणावं तर लॉगमध्ये काही नाही. विशिष्ट आवेगाचा आकडा खेळात वेगळा लागतोय का? ३४० करून बघू?

म्युनिकवासी

कॅशे बघितली का?

कृष्णाकाठी

बघितली. ३०८ च आहे.

गणितमास्तर

३४० केलंत तर धाग्यावर पुन्हा येऊ नका.

तुमची वही बरोबर आहे. ४.७३७ भागिले २.२३७, त्याचा नैसर्गिक लॉगॅरिदम, गुणिले ३०८, गुणिले ९.८०६६५. येतात २२६६. आता हेच उलटं करू. आवेग ३०८ आणि इंधन २.५ टन खरं धरा, आणि मेकजेब खोटं बोलत नाही असंही धरा. १६८९ ला ३०२०.४ ने भागा, घातांकी करा: १.७४९. म्हणजे इंधन हे उरलेल्या वजनाच्या ०.७४९ पट. २.५ भागिले ०.७४९, उरलेलं वजन ३.३४ टन. असायला हवं होतं २.२४.

तुमच्या चौथ्या टप्प्यावर १.१ टनाचं काहीतरी बसलेलं आहे जे तिथे नसायला हवं. तुमच्या रॉकेटमध्ये १.१ टनाचा भाग कोणता?

वायफळ_वायुगतिकी

मास्तर, माझा हात वर आहे, पण त्यांनाच सांगू द्या.

कृष्णाकाठी

...

हीट शील्ड. मंगळयानावरची टोपी.

इंदापूरकर

पीएसएलव्ही-सी३९! ३१ ऑगस्ट २०१७. तेव्हाही हीट शील्ड सुटलं नव्हतं आणि उपग्रह आतच राहिला होता. तेव्हा सगळे टप्पे नीट चालले होते, त्यामुळे काका नेहमीप्रमाणे पहिल्या टप्प्यानंतर बसले आणि चहा प्यायले. नंतर बातम्यांत कळलं तेव्हा कप तसाच हातात.

म्युनिकवासी

पण सुटलं का नाही? आणि मुळात दिसलं कसं नाही तुम्हाला?!

कृष्णाकाठी

दिसलं नाही कारण विकास पेटल्यापासून मी नकाशातच होतो, कक्षेची रेघ कशी वाढते बघत. रॉकेटकडे परत बघितलंच नाही.

सुटलं नाही कारण परवा मॉडेल सुधारताना बूस्टर काढून परत लावले. तेव्हा टप्प्यांच्या रांगेत हीट शील्डचं चिन्ह घसरून मंगळयान सोडायच्या खणात जाऊन बसलं. उड्डाणाआधी मेकजेबची खिडकी उघडली असती तर तिथेच १६८९ दिसला असता.

आता ते दुसऱ्या टप्प्याच्या मध्यावर, ११५ किमी उंचीला सोडायला लावलंय. आज रात्री अकराला परत. बायको म्हणते, ओरडायचं नाही.

टिल्लूची_आई

टिल्लू विचारतोय, फाईल देणार का? तो श्रीलंका टाळून दाखवतो म्हणतो.